कानसेनचा शेवटचा कोबा

गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी अख्ख्या धंद्यात त्याला कानसेन म्हणत. कारण साधं होतं. तो कोबा ऐकायचा. जड लोखंडी पहार वीतभर उचलायची, सोडून द्यायची आणि मान जरा वाकडी करून ऐकायचं. ठण्ण वाजलं की खाली भरीव. बद्द वाजलं की खाली पोकळ. कुठे माती वाहून गेलेली, कुठे उंदरांनी पोखरलेलं, तर कुठे एखादा महाभाग खड्डा न बुजवताच वरून सिमेंट ओतून मोकळा झालेला. असल्या जागी उभं राहून कोणी ब्रेकर मशीन चालवलं की माणूस मशीनसकट खाली गेलाच म्हणून समजा. म्हणून आधी ऐकायचं, पोकळ जागेवर खडूने फुली मारायची आणि मगच फोडायला घ्यायचं. पस्तीस वर्षांत त्याची एक फुली चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

धंदा फोडण्याचा. जुने कोबे, ओटे, पायऱ्या, गाडी लावायचे कट्टे, सगळं उखडून द्यायचं. सुरुवातीला, एकोणिसाव्या वर्षी, तो एका गवंड्याच्या हाताखाली होता. पण त्याने चढवलेली वीट कधी सरळ रेषेत आली असेल तर शपथ. गवंडी एक दिवस वैतागून म्हणाला, "बाबा रे, तुझा जन्म पाडायसाठीच झालाय." ती शिवी होती, पण या पठ्ठ्याने सल्ला म्हणून घेतली आणि दुसऱ्या दिवशी घण विकत घेऊन आला. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं, फोडणाऱ्याला कोण विचारतो? त्याचं त्याला काही वाटत नसे. तो म्हणायचा, जागा मोकळी करून देणं हेही कुणीतरी करायला हवंच की.

हट्टी मात्र असा, की विचारू नका. फोडणारे पायलीला पन्नास मिळतात. फोडलेलं नीट नेऊन टाकणारा दाखवा म्हटलं तर गावभर हिंडावं लागेल. बाकीचे राडारोडा भरायचे, पहाटे कुठल्यातरी वळणावर नाहीतर ओढ्याच्या काठावर उलटायचे आणि हात झटकून घरी जायचे. कानसेन तीन ढीग करायचा. स्वच्छ काँक्रीटचा एक, सळया-जाळीचा दुसरा, आणि माती, विटा, टाइल्स, प्लास्टिक असल्या भेसळीचा तिसरा. लोखंड भंगारवाल्याकडे. भेसळ पालिकेने नेमून दिलेल्या जागी. स्वच्छ काँक्रीट शहराबाहेरच्या क्रशरवर, तिथे त्याची भरड खडी होते आणि ती पुन्हा रस्त्याच्या पोटात जाते. "टाका हो त्या रिकाम्या प्लॉटात, कोण बघतंय?" असं कुणी म्हणालं की याचं डोकं सटकलंच. "मी बघतोय ना! मी काय मेलोय?" अशा वेळी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

त्याच्या जोडीला धाकटा. सख्खा भाऊ, अकरा वर्षांनी लहान, अंगाने आडदांड, बोलायला गोड. मशीन धाकट्याच्या हातात आणि पहार दादाच्या. दोघांत एकच नियम होता. दादाने पहार आपटून "भरीव" म्हटल्याशिवाय धाकट्याने त्या जागेवर पाय ठेवायचा नाही. आणि दादा म्हणाला की मग मागेपुढे बघायचं नाही. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. धाकट्याच्या बायकोला कुणी विचारलं, हे काम धोक्याचं नाही का, तर ती म्हणायची, "आमच्या दादांचे कान आहेत ना."

आता रडायचं ते याच्यापुढे आहे. ते कान गेले होते.

एका दिवसात नाही गेले. आधी डावा, मग हळूहळू उजवा. इतकी वर्षं मशीनशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? बाकीचे कानात बोळे घालायचे, हा घालायचा नाही. "बोळे घातले तर कोबा कसा ऐकू?" असं म्हणायचा. म्हणजे ज्या कानांवर पोट होतं, ते कान जपायचे म्हणूनच उघडे ठेवले आणि उघडे ठेवले म्हणूनच गेले. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, पण तेही म्हणाले की याने आवाज मोठा होईल, बारीक फरक काही कळायचा नाही. आणि बारीक फरकच तर हवा होता. शिवाय कानात ते बोंड दिसलं की धंद्यात दवंडी पिटल्यासारखंच. त्याने ते मशीन कपाटात मोज्यांच्या मागे ठेवून दिलं.

बायकोला अर्थातच कळलं. ती माऊली घरात सगळं ओरडून बोलायची, हातवारे करायची आणि वर बडबडायची, "भिंतींना कान असतात म्हणे. आमच्या घरात तेवढेच शिल्लक आहेत!" हसायची, पण एका संध्याकाळी डाळ निवडता निवडता थांबली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, धाकट्या भाऊजींना सांगा."

"सांगेन."

"कधी? त्यांचा जीव तुमच्या शब्दावर टांगलाय."

"अगं, हाताला कळतंय मला. कान नसले म्हणून काय झालं?"

आणि ते अगदी खोटं नव्हतं. पहार आपटली की भरीव कोबा मनगटाला झटका देतो, पोकळ असला की पहार बसल्यासारखी होते आणि तळव्यात कंप जरा रेंगाळतो. हे त्याचं त्याने शोधून काढलं होतं. दोन वर्षं त्यावर निभावलं होतं. मान वाकडी करायची सवय मात्र त्याने सोडली नव्हती. ते नाटक होतं, आणि त्याला स्वतःची लाज वाटायची. धाकट्याला सांगितलं तर तो पुन्हा आपल्या शब्दावर पाऊल टाकणार नाही, टाकूही नये. मग कानसेन राहिला काय? पहार उचलणारा एक म्हातारा. हे एवढं काम झालं की सांगू, असं तो प्रत्येक कामाला म्हणायचा. बायकोने शेवटी बोलणं सोडलं.

अशात बाईंचं काम आलं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. घर जुनं, पंधरा वर्षांपूर्वी घेतलेलं. घराच्या मागे कोब्याचं अंगण होतं, वीस फूट लांब, चौदा फूट रुंद. कोबा करणाऱ्याने उतार उलटा काढला होता, घराकडे. पाणी पडलं की ते थेट स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन बसायचं. भिंत गुडघाभर ओली, रंग पापुद्र्यांनी सुटलेला, कपाटातल्या डब्यांना बुरशी. बाईंना तो कोबा उखडून खाली माती मोकळी हवी होती. पण त्यांची एक अट होती. घरामागे गल्लीपलीकडे ओढा होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यात राडारोडा टाकून टाकून त्याचं नुसतं गटार करून ठेवलं होतं.

"माझ्या अंगणातलं एक ढेकूळही ओढ्यात जाता कामा नये," बाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी दोनदा म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या.

कानसेन खूश झाला. असं गिऱ्हाईक कधी मिळतं? त्याने त्यांना तीन ढिगांचं सगळं समजावून सांगितलं. बाई समोर उभ्या राहून, शिक्षिकेच्या सवयीने, एकेक शब्द सुटा बोलायच्या. त्यांचे ओठ वाचणं सोपं होतं. त्याला वाटलं, हे काम सुखाचं जाणार.

पहिले दोन दिवस गेलेही सुखाचे. पाणी शिंपडून धूळ बसवायची, कडेपासून सुरुवात करायची, धाकट्याने मशीनने रेघ पाडायची, मग कानसेनने पहार खाली घालून तुकडा उचलायचा आणि खाली एक धोंडा सारायचा. अधांतरी झालेला तुकडा घणाच्या एका घावात दुभंगतो. जमिनीला चिकटलेला दहा घावांतही नाही. मग एकट्याला उचलता येतील एवढे तुकडे करायचे आणि एकचाकी गाड्यावरून, घराच्या बाजूच्या दोन फुटी बोळातून, समोर उभ्या टेम्पोपर्यंत न्यायचे. भिंतीलगत दोन जागा पोकळ निघाल्या. दोन्ही त्याच्या तळव्याने आधीच सांगितल्या होत्या. धाकटा म्हणाला, "दादा, मानलं तुला." टेम्पोच्या चार खेपा क्रशरवर गेल्या.

तिसऱ्या दिवशी शेवटचा कोपरा राहिला. तिथे वरचा चार इंची थर निघाला तर खाली आणखी एक थर! जुना, काळपट, चांगला जाड. पूर्वी इथे कपडे धुवायची जागा असेल, असं कानसेनला वाटलं. त्याने पहार उचलली, मान वाकडी केली, सोडली. मनगटाला झणझणीत झटका बसला. पुन्हा एकदा आपटली. तसाच झटका. तो "भरीव" म्हणणार, एवढ्यात बाई मागच्या दारात आल्या.

त्यांच्या मागे स्वयंपाकघरातला दिवा होता, त्यामुळे चेहरा अंधारात. हातात कप, तो तोंडाशी. त्या कोपऱ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते त्याला ऐकू आलं नाही. दिसलंही नाही. पण भेसळीचा ढीग त्या कोपऱ्यालगतच होता, आणि बाईंना तर ओढ्याचं वेडच लागलं होतं. चौथ्यांदा तेच सांगत असणार, दुसरं काय!

"हो हो, बाई," तो जोरात मान हलवत म्हणाला. "काळजीच नको. सगळं नीट लावतो."

बाईंनी मान डोलावली, आत गेल्या. धाकटा सहा हातांवर सळयांची मोळी बांधत बसला होता, पाठमोरा. कानसेनने त्याच्याकडे वळून आवाज दिला.

"भरीव आहे रे. ये."

धाकटा क्षणभर तसाच बसून राहिला. मग उठला, मशीन उचललं आणि गेला.

कानसेन गाडा भरायला लागला. त्याची पाठ कोपऱ्याकडे होती. मशीन चालू झालेलं त्याला पायांतून कळलं, जमीन थरथरायला लागली. मग थरथर थांबली. धाकटा दम खात असेल, असं त्याला वाटलं. त्याने वाकून गाड्यात एक तुकडा टाकला, मग दुसरा. एकूण चार तुकडे टाकले. चौथा टाकून कंबर सरळ केली तेव्हा बाई मागच्या दारातून धावत येताना दिसल्या, तोंड उघडं, दोन्ही हात पुढे. तेव्हा तो वळला. कोपऱ्यात धाकटा नव्हता. दार घालावं एवढं एक भोक होतं.

आयुष्यभर कुणी काहीही म्हणो, ते चार तुकडे त्याला कधी विसरता आले नाहीत. त्याचा भाऊ खाली ओरडत होता आणि तो गाडा भरत होता.

ती पाण्याची टाकी होती. जुनी, विटांची, पुरुषभर खोल. कुणीतरी ती न बुजवता तशीच ठेवली होती, आणि तिच्या झाकणावरच कोबा ओढला होता. झाकण जाड होतं म्हणून हाताला भरीव लागलं. आतल्या सळया इतक्या गंजल्या होत्या की बोटांनी मोडाव्यात. ठण्ण की बद्द, हे नुसत्या कानाला एका क्षणात कळलं असतं. धाकटा खाली गेला, मशीन त्याच्यामागून गेलं, आणि झाकणाचा मोठा तुकडा उजव्या पायावर बसला. बाहेर काढेपर्यंत अर्धा तास लागला. इस्पितळात दोन दिवस डॉक्टरांनी पायाची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून काढला.

बाई इस्पितळाच्या बाकावर त्याच्याशेजारी येऊन बसल्या. त्याच्याकडे तोंड करून.

"मी म्हणाले होते हो तुम्हाला, की तिथे पूर्वी टाकी होती असं ऐकलंय, बुजवली की नाही माहीत नाही. तुम्ही म्हणालात, काळजी नको, सगळं नीट लावतो. मला वाटलं, तुम्ही बघितलंय. मीच पुन्हा विचारायला हवं होतं. मीच घाईत आत गेले."

त्याच क्षणी त्याने सांगायला हवं होतं. बाई स्वतःला बोल लावत राहिल्या, आणि त्याने लावू दिला. नंतर धाकट्याची बायको समोर येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले. "दादा, असं कसं झालं? तुम्ही ऐकलं होतं ना?"

"पक्कं वाजलं होतं गं," तो म्हणाला.

किती सहज खोटं बोलला! ते तोंडातून गेल्यावर तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बायको मागोमाग आली. नुसती बघत राहिली, आणि ते बघणं त्याला कुठल्याही शब्दापेक्षा मोठ्याने ऐकू आलं.

बाईंचं अंगण तसंच पडलं होतं. एक टेम्पो काँक्रीट, भेसळीचा ढीग आणि ते भोक. "एवढं आवरतो," तो बायकोला म्हणाला, "आणि धाकट्याला सांगतो." बायको म्हणाली, "मी येते बरोबर. एकट्याने काय आवरणार तुम्ही?"

बाईंनी मागच्या दारातून खड्ड्याकडे बघायचंही टाळलं. म्हणाल्या, "आता तो सगळा राडारोडा त्या टाकीतच ढकला आणि वरून माती घाला. कुठे नेऊ नका. मला तो डोळ्यासमोर नको."

"नाही बाई," तो म्हणाला. "असंच कुणीतरी झाकून गेलं होतं."

मग त्याने ती टाकी रीतसर बुजवली. पाणी उपसलं, तळाला पहारीने भोकं पाडली म्हणजे पाणी साचणार नाही, वरच्या कडेच्या विटा हातभर उतरवल्या, आणि खाली माती भरली. वीतभर माती, मग ती धुमसाने ठोकून बसवायची, पुन्हा वीतभर. टाकी बांधणाऱ्याला, ती झाकणाऱ्याला, उलट्या उताराचा कोबा करणाऱ्याला तो प्रत्येक घावाला शिव्या घालत होता. बायको घमेल्यातून माती देत होती. एकदा ती थांबली, त्याच्या खांद्याला हात लावून त्याला वळवलं आणि म्हणाली, "झाकणाऱ्याला शिव्या देऊन झाल्या असतील तर घरातल्या झाकणाऱ्याचीही आठवण असू द्या." धुमस चालू राहिली.

झाकणाचे तुकडे क्रशरच्या फाटकातून परत आले. तिथल्या वजनकाट्यावरच्या काटेवाल्याने गाडीत डोकावून हात हलवला. "चिखल आहे, विटेचा चुरा आहे. हे आम्ही घेत नाही, तुम्हाला माहितीय की!" माहीत तर होतंच. दुसऱ्या कुणी तो टेम्पो परतीच्या वाटेवर कुठेही उलटला असता, आणि त्या दिवशी त्याला कुणी नावंही ठेवली नसती. कानसेनने तो फाटकाबाहेर कडेला लावला, सगळा माल उतरवला, आणि नवरा-बायको दोघं तारेचा ब्रश घेऊन एकेक तुकडा घासायला बसले. दुपार गेली. एक सपाट तुकडा घासताना ब्रशला काळपट काहीतरी लागलं. तो गंज नव्हता. बायकोने तो तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः घासला.

"काँक्रीट जागच्या जागी लावताय," ती त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "आणि पोटातलं?"

"शेवटची खेप आहे. ही झाली की जातो."

"तुमच्या खेपा काही संपायच्या नाहीत."

पण संपल्या. अंगण आवरायला तीन आठवडे लागले, आणि एक दिवस खरंच काही उरलं नाही. काटेवाल्याने शेवटची वजनाची पावती दिली. बाईंच्या घरामागे वीस बाय चौदाची माती उघडी पडली होती, भिंतीपासून दूर उतरणारी, दगड वेचून काढलेली. उभ्या आयुष्यातलं सगळ्यांत नेटकं काम झालं होतं आणि त्याच्याकडे बघायला त्याला डोळे उचलवत नव्हते. बाई म्हणाल्या, इथे आता काही लावायची इच्छाच राहिली नाही. घर विकायचं म्हणत होत्या.

तो तडक धाकट्याकडे गेला.

धाकटा खिडकीशी खाटेवर बसला होता, उशीवर तो उरलेला पाय ठेवून. आधीपेक्षा निम्मा झाला होता. कानसेनने स्टूल ओढलं. त्याने मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी वाटेत सांडली. शेवटी एकदम म्हणाला,

"मला ऐकू येत नाही रे. दोन वर्षं झाली. बाई टाकीचं म्हणाल्या ते मला कळलंच नाही. तू ओरडलास तेही नाही. तुझा पाय मी घालवला."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. रागावला नाही. चकितही झाला नाही. धाकट्याने आधी मान खिडकीकडून पूर्ण वळवली, चेहरा उजेडात आणला, आणि सावकाश, ओठ मोकळे सोडून म्हणाला,

"माहीत आहे मला, दादा."

तो किती सवयीने तसा बोलला! घरी बायको बोलते तसा. कानसेनला उमगलं की दीड-दोन वर्षं हा असाच बोलतोय. हाक मारायची सोडून समोर येऊन उभा राहतो, खांद्याला हात लावतो. त्याला वाटलं होतं, वयाचा मान ठेवतोय.

"माहीत होतं? मग?"

"मग काय? हाताने तुझं बरोबर येत होतं. एकदाही चुकला नव्हतास." धाकटा जरा पुढे सरकला. "बाई टाकी म्हणाल्या ते मी ऐकलं होतं. तू हो हो म्हणालास तेव्हाच कळलं मला, की तुझ्यापर्यंत पोचलं नाही."

कानसेन स्टुलावरून अर्धा उठला. "ऐकलं होतंस? आणि तरी गेलास? अरे गाढवा, थांब म्हणायचं नाहीस? एक शब्द!"

"तोंडाशी आला होता. पण बाई दाराच्या आतच होत्या. तिथे तुला ओरडून सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, तुलाही कळलं असतं की मला माहीत आहे. मग तू दुसऱ्या दिवसापासून पहार धरली नसतीस. मी ओळखत नाही का तुला? म्हटलं, बुजवलेली असेल टाकी. म्हटलं, कडेकडेने जाऊ, बघू."

कानसेन पुन्हा स्टुलावर टेकला. धाकट्याने उशीवरचा पाय जरा सरकवला, कळ येऊन डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा तोंड त्याच्याकडे नीट वळवून, प्रत्येक शब्द दिसेल असा म्हणाला,

"तुझं काम जाईल एवढंच डोक्यात होतं रे. पाय जाईल असं नव्हतं वाटलं."